देवरावची डावी बाजू

"सरळ! अबे देवराव, सरळ!"

मोर्णा नदीच्या पलीकडच्या काठावर ओलेत्या अंगाने उभा राहून कमलाकांत ओरडत होता आणि देवराव पुन्हा डावीकडे वळत होता. आधी जरासा, मग बराच, आणि मग डोहाच्या मधोमध एक भलंमोठं वळण घेऊन तो निघाला होता त्याच काठाकडे तोंड करून झपाझप हात मारू लागला. हात मारण्यात काही खोट नव्हती. बैलाच्या जोडीला जुंपावा असा गडी. पाणी कापत असा निघाला की काठावर धुणं धुणाऱ्या बायका हातातला पिळा तसाच धरून बघत राहिल्या.

"पोचलो काय?" काठाला हात लागल्यावर त्याने डोळ्यांतलं पाणी निपटत विचारलं.

तिथे सहदेव तिघांचे कपडे मांडीवर घेऊन बसला होता. "पोचला ना बाप्पा," तो म्हणाला, "जथून गेलता तथीच पोचला."

आणि दोघं खो खो हसत सुटले. पलीकडे कमलाकांतने कपाळाला हात लावला. शनिवारची संध्याकाळ होत आली होती आणि उद्या सकाळी शर्यत होती.

देवरावचं पोहणं झालं ते वलगावजवळच्या त्यांच्या शेतातल्या विहिरीत. विहीर मोठी, बांधीव, बारमाही पाण्याची. पण विहिरीत पोहणारा माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? कडेकडेने गोल. देवराव लहानपणापासून डावीकडे वळत गोल फिरला, उन्हाळेच्या उन्हाळे फिरला, आणि पाण्यात सरळही जाता येतं ही गोष्ट त्याच्या अंगाला कधी कळलीच नाही. डोक्याला कळली होती. काठावर उभं राहून तो स्वतःच म्हणायचा, "आता पाह्य, बाणासारखा जातो." पाण्यात पडला की बाण वाकायचा.

महाराष्ट्र झाल्याचं ते दुसरं वर्ष. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी अकोल्याची एक व्यायामशाळा तिहेरी शर्यत भरवत असे. आधी डोह पोहून जायचा आणि परत यायचं; तसंच ओलं सायकलवर बसून पातूरच्या रस्त्याला ठरलेल्या वडापर्यंत जाऊन यायचं; आणि शेवटी गावाला वळसा घालून व्यायामशाळेच्या दारापर्यंत पळायचं. ही कल्पना ज्या म्हाताऱ्या वस्तादांच्या डोक्यातून निघाली, त्यांच्याच डोक्यातून एक नियमही निघाला होता. शर्यत एकट्याची नाही, तिघांच्या टोळीची. आणि टोळीची वेळ धरायची ती तिचा तिसरा माणूस दारात येईल तेव्हाची. एकटा पहिला आला तर त्याचं काय लोणचं घालायचं, असं वस्ताद म्हणत.

जिंकलेल्या तिघांची नावं व्यायामशाळेच्या भिंतीवर निळ्या रंगाने लिहीत. कमलाकांतला त्या भिंतीवर जायचं होतं. हे सांगायला त्याला लाज वाटे, म्हणून तो कोणाला सांगत नसे. पण इतकी वर्षं पहाटे उठून गावाबाहेरच्या तळ्यात तो पोहत होता ते काही तब्येतीसाठी नव्हे. थोरला भाऊ वकील, धाकटा प्राध्यापक, वडिलांना पूजापाठाला दूरदूरहून बोलावणं येई. मधल्याच्या वाट्याला आलं होतं अमरावतीचं तारऑफिस. दिवसभर दुसऱ्यांची जन्ममरणं टकटक करून पुढे पाठवायची. त्यात आपलं नाव कुठे यायचं? देवाने अंगाचा काटकपणा तेवढा दिला होता, आणि त्या काटकपणाच्या दोन्ही खांद्यांवर देवराव आणि सहदेव बसले होते.

चाळिशी झालेल्याला शर्यतीत घेत नसत. येत्या मार्गशीर्षात कमलाकांतला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे उद्याची शर्यत शेवटची.

तो पोहत परत आला तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवर शेषराव मास्तर उभे होते. अकोल्याच्या एका शाळेत ड्रिल शिकवणारे, अंगावर इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी. त्यांनी कमलाकांतला थोडं बाजूला घेतलं.

"पाठकसाहेब, आमचा तिसरा गडी हिवतापानं पडला," ते म्हणाले. "मी अन् आमचा वसंता, दोघं तयार हाओत. तुमी आमच्यासंगं उतरा. मी तुमाले तीन वर्षांपासून पाहून राहिलो. तुमी वेळेच्या कितीतरी आधी येऊन दारात उभे राह्यता अन् मंग या दोघायची वाट पाह्यता. काहून जिंदगी वाया घालून राहिले?"

कमलाकांतने काठावर हसत बसलेल्या त्या दोघांकडे पाहिलं. डोक्यावरून पाणी गळत होतं ते गळू दिलं.

"सकाळपर्यंत सांगा," मास्तर म्हणाले.

मुक्काम सहदेवच्या धाकट्या बहिणीकडे, रुख्मिणीबाईंकडे. दरवर्षी तिथेच. पाहुणे आले म्हणून तिने अंगणात गोवऱ्यांवर रोडगे भाजले होते, वर तुरीचं वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. उद्या पोहायचं, सायकल मारायची, पळायचं. अशा माणसांनी काय खावं? देवरावने रोडगा चुरला, तूप ओतलं, आणि तो संपवून ताट पुन्हा पुढे केलं. सहदेवच्या तोंडात घास असला तरी गोष्ट चालूच. त्याचे मेहुणे नत्थुजी डाळीच्या गिरणीत मुकादम होते. अडतीसचे, पण पोटामुळे पन्नाशीचे दिसायचे. ते गोष्ट ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"देवराव, पुरे कर," कमलाकांत म्हणाला. "उद्या बुडशील."

"बुडत नाही ना गड्या. गोल फिरन, पन बुडनार नाही."

पुन्हा हशा. तिथे कमलाकांतची वात पेटली. तारऑफिसात एकेक अक्षर तोलून बोलणारा हा माणूस चिडला की त्याची जीभ थेट अमरावतीच्या अंबागेटच्या आतल्या गल्लीत जाऊन पोचत असे.

"हसा! हसाच तुमी! मागच्या साली हा डोहात असा फिरून राहिला की शेवटी नाववाल्यानं त्याले काठी देल्ली. अन् तू रे सहदेव? शर्यत म्हंजे काय हे तरी माहीत हाये का तुले?"

"म्या काय केलं?"

"काय केलं! पातूरच्या रस्त्यानं म्हातारं दिसलं की उतर सायकलवरून. राम राम घाल. तब्येत पूस. मंग चढ. त्या साली बैलगाड्यायची रांग आली समोरून, तं हा एकेका गाडीपाशी उतरला! एकेका गाडीपाशी!"

"मंग काय मोठ्या मानसाच्या पुढून बसल्या बसल्या जाऊ?" सहदेव खरोखरच बुचकळ्यात पडला होता. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईकाला उभ्याने नमस्कार करणारा तो माणूस. बापाने लहानपणी एक गोष्ट शिकवली होती, मोठं माणूस दिसलं की सायकलवरून खाली उतरायचं. आणि बाप गेल्यावर तो ती अधिकच पाळत होता. "माया हातून नाही होत गड्या. पाय आपोआप खाली येते."

"भाऊ, जेवताना रागावू नाही," रुख्मिणीबाई कमलाकांतच्या ताटात भाजी वाढत म्हणाली. "अंगी लागत नाही."

"माझ्या अंगी काहीच लागलेलं नाही, ताई. इतक्या वर्षांत काहीच लागलेलं नाही," कमलाकांत म्हणाला आणि ताटावरून उठला. हे तो शुद्ध बोलला, त्यामुळे ते अधिक लागलं. देवरावने हातातला घास खाली ठेवला. सहदेव पान खाऊन येतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

सकाळी नदीकडे जाताना कमलाकांत मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. 'हे बघा, राग मानू नका, पण यंदा मी...' पुढे जात नव्हतं. 'तुम्हाला तर हे सगळं हसण्यावारीच आहे, मग मी दुसऱ्या टोळीत...' तेही नीट वाटेना. दोघं पुढे सायकली हातात धरून नत्थुजींशी बोलत चालले होते. नत्थुजी कशाला आलेत, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही. घाटावर नावं पुकारायला सुरुवात झाली आणि वस्ताद म्हणाले, "अमरावतीची टोळी. देवराव, सहदेव, नत्थुजी."

कमलाकांतने वळून पाहिलं. नत्थुजी लंगोट आवळत होते.

"अन् मी?"

"तू मास्तरच्या टोळीत," सहदेव सायकलच्या घंटीवरची धूळ पुसत म्हणाला. "कालच सांगतलं म्या त्यायले पानठेल्यावर. म्हनलं, घेऊन जा आमच्या कमल्याले. लय वर्सं वाट पाह्यली बिचाऱ्यानं."

"मला विचारलं का तुम्ही?"

"तुले इचारलं असतं तं तू नाही म्हनला असता," देवराव म्हणाला. "मंग आमी पुन्हा हसलो असतो. मंग तू पुन्हा चिडला असता. जाय ना गड्या. जिंक एक डाव."

याला काय म्हणावं! रात्रभर त्याने आपल्या सुटकेसाठी भांडण मनात रचलं होतं, आणि या दोघांनी दारच उघडून ठेवलं. रागावायलाही जागा ठेवली नाही. कमलाकांत इतका चिडला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तो सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरून उभा राहिला.

त्या दिवशी सगळं सुरळीत झालं. कोणी गोल फिरलं नाही. डोह पार करून परत येईतो मास्तर आणि वसंता त्याच्या हातभर मागे होते. सायकलवर तिघं एकामागे एक, वारा पहिल्याने घ्यायचा, मग दुसऱ्याने, हे मास्तरांनी आधीच ठरवून ठेवलेलं. कोणी गोष्ट सांगितली नाही. दोन्ही बाजूंना कपाशी फुटायला लागली होती, तिच्याकडे बोट दाखवून यंदा पीक कसं आहे हे कोणी बोललं नाही. वडाच्या अलीकडे एक म्हातारा डोक्यावर पेंढी घेऊन समोरून आला, आणि कमलाकांतचा पाय, स्वतःचा पाय, पॅडलवरून सुटून खाली यायला लागला. मागून मास्तर खेकसले, "काय झालं?" "काही नाही," म्हणून त्याने पाय पुन्हा वर घेतला. पण म्हातारा मागे पडल्यावर त्याने वळून पाहिलं. म्हाताऱ्याचं लक्षही नव्हतं. तरी कमलाकांतला वडापर्यंत चुकल्यासारखं वाटत राहिलं, आणि त्याबद्दल त्याने सहदेवला मनात दोन शिव्या घातल्या.

पळताना तो पुढे झाला नाही. पुढे होऊन उपयोग नव्हता, आणि यंदा मागे राहणारंही कोणी नव्हतं. व्यायामशाळेच्या दारात तिघं जवळजवळ एकदमच शिरले आणि पहिले आले. मास्तरांनी हात मिळवला. वसंता आंघोळीला घरी गेला. रंगारी डबा घेऊन हजरच होता. वस्तादांना कामं उधार ठेवलेली आवडत नसत. त्याने भिंतीवर दोरी धरून रेघ मारली आणि शेषरावांचं नाव लिहायला घेतलं.

कमलाकांत समोर उभा राहून पाहत होता. आपलं नाव निळ्या रंगात एकेक अक्षराने उमटताना बघायचं, हे त्याने किती वर्षं मनात घोळवलं होतं. क झाला, म झाला. ला व्हायच्या आतच तो दाराशी जाऊन रस्त्याकडे बघायला लागला. नेहमी इथेच उभा राहून तो त्या दोघांच्या नावाने बोटं मोडायचा. आजही सवयीने मोडली. कुठे मेले होते हे? डोहात फिरत असतील. कोणाच्या दारात चहा पीत असतील. त्याने रांजणातून तांब्याभर पाणी काढलं आणि हातात धरून उभा राहिला.

आणि ते आले. कमलाकांतने त्यांची अपेक्षा केली होती त्याच्या कितीतरी आधी आले. मधे नत्थुजी, लालबुंद, दोन्ही हात दोघांच्या खांद्यांवर. एका बाजूला देवराव, दुसऱ्या बाजूला सहदेव, आणि सहदेवचं तोंड अर्थातच चालू. त्यांच्या मागे अजून दोन टोळ्या यायच्या होत्या. या माणसांच्या मागे कोणी असणं, हे त्या दारात प्रथमच घडत होतं.

"डोहातून इतक्या लवकर कसा निघाला तू?" कमलाकांतने तांब्या पुढे करत विचारलं. "नावेची काठी धरली का?"

"सरळ पोह्यलो," देवराव म्हणाला आणि घटाघट पाणी प्याला.

"थापा नको मारू."

"खरं हाये," नत्थुजी धापा टाकत म्हणाले. "मले काही भरभर जमत नाही. म्हनून मी यांच्या बाजूनंच राह्यलो, डाव्या अंगानं. हे डावीकडं वळाले लागले की माया पोटाले लागत. मंग वळाले जागाच नाही ना. गेलो दोघं धक्के खात खात तिकडच्या काठाले. अन् तसेच परत."

"इतकंच?" कमलाकांत म्हणाला.

"इतकंच."

"मग मला हे कधी..." तो थांबला.

"तू कसा राहशीन बाजूले?" देवराव हसून म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोचणी अजिबात नव्हती, हेच वाईट होतं. "तू तं बापा तिकडच्या काठावर पोचून जात होता. तथून मले तुया आवाज तेवढा आयकू ये. सरळ, सरळ. पन सरळ कोनतं, ते पान्यात कसं समजन?"

कमलाकांतने रिकामा तांब्या परत घेतला. इतकी वर्षं तो घसा फोडून ओरडला होता, चिडला होता, कपाळाला हात लावून उभा राहिला होता. आणि करायचं होतं ते एवढंच की थोडं हळू पोहायचं. नाववाल्याला कळलं असतं. रुख्मिणीबाईला कळलं असतं. शंभर गावांच्या तारा बिनचूक लावणाऱ्या त्याला कळलं नव्हतं. त्याला स्वतःचाच इतका संताप आला की तांब्या ठेवायला जागा शोधण्याचं निमित्त करून तो रांजणापाशी गेला आणि तिथे उगाच उभा राहिला.

तोवर सहदेव भिंतीपाशी पोचला होता. रंग ओलाच होता. 'कमलाकांत पाठक, अमरावती' हे त्याने मोठ्याने वाचलं, आणि मग जो कोणी दारातून आत येईल त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेऊ लागला. "पाह्यलं काय? आमचा हाये तो. आमच्या गावचा. मायासंगं शाळेत होता." एका म्हाताऱ्याला तर त्याने आधी वाकून नमस्कार केला, मग नाव दाखवलं. देवराव मागे उभा राहून त्या अक्षरांकडे बघत होता, पीक चांगलं आलेल्या शेताकडे बघावं तसा.

"तुमची नावं नाहीत तिथे," कमलाकांत त्याच्याजवळ येऊन म्हणाला.

"आमची कायले?" देवरावला नवल वाटलं. "आमाले कुठी पायजे होती?"

गाडी संध्याकाळची होती. बडनेऱ्याला बदलून घरी जायचं. सायकली सामानाच्या डब्यात टाकायच्या म्हणून सहदेव आणि नत्थुजी त्या घेऊन स्टेशनाकडे पुढे गेले. वाटेत माणसं भेटणार, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघावं असं कमलाकांतनेच त्यांना सुनावलं होतं. मग तो देवरावला म्हणाला, "चल."

"कुठी?"

"चल म्हटलं ना."

घाटावर आता कोणी नव्हतं. शर्यतीच्या दोऱ्या काढून नेल्या होत्या, नाव झाडाला बांधलेली होती. कमलाकांतने कपडे काढून पायरीवर ठेवले. देवरावने त्याच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तोही सदरा काढू लागला.

"मार्गशीर्षात मला चाळीस पूर्ण होतात," कमलाकांत म्हणाला. "पुढच्या साली मला घेणार नाहीत."

"माहीत हाये ना."

"मग आधी का नाही बोलला?"

"बोलून काय होते गड्या," देवराव म्हणाला आणि पाण्यात उतरला.

कमलाकांत त्याच्या डाव्या बाजूला उतरला. सुरुवात केली आणि दोन हातांतच तो सवयीने पुढे निघून गेला. थांबला, चरफडला, मागे आला. हळू पोहणं हे जोरात पोहण्यापेक्षा फार अवघड निघालं. देवराव डावीकडे कलला आणि त्याचं कोपर कमलाकांतच्या बरगडीत बसलं.

"सरळ," कमलाकांत म्हणाला. ओरडायची गरज नव्हती, कान हातभर अंतरावर होता.

"हाव," देवराव म्हणाला.

पुन्हा कोपर बसलं. मग खांदा. कमलाकांत पाणी गिळत, कुरकुरत, दर हाताला मार खात त्या आडदांड माणसाच्या बाजूला चिकटून राहिला. मधला खोल भाग गेला, जिथून देवराव दरवर्षी माघारी वळायचा. पायाखाली वाळू लागली तेव्हा दोघं एकदमच उभे राहिले. पलीकडचा काठ होता.

देवरावने मागे वळून आपण आलो तो काठ पाहिला, तिथल्या पायरीवर ठेवलेले दोघांचे कपडे पाहिले.

"पोचलो काय?" त्याने विचारलं.

"पोचलो," कमलाकांत म्हणाला. त्याची बरगडी दुखत होती. समोर वाळूत बगळे चरत होते. दोघं दम खात तसेच गुडघाभर पाण्यात उभे राहिले, आणि वेळ मोजायला तिथे कोणी नव्हतं.